व्हॉल्व्ह कुणाच्या हातात?

नोकरी लागली तेव्हा गावी फोन करून सांगितलं, "माणला जॉइन होतोय." आमच्या आण्णांना, म्हणजे थोरल्या चुलत्यांना, एकच माण माहीत होतं: साताऱ्याचं, दहिवडी-म्हसवडकडचं. "तिकडं प्यायला पाणी नाही, कंपनी कुठनं आली?" त्यांनी विचारलं. मग सांगावं लागलं की हे माण निराळं, मुळशी तालुक्यातलं, हिंजवडीला चिकटून असलेलं. राजीव गांधी इन्फोटेक पार्कची फेज थ्री तिथं आहे. "थ्री फेज?" आण्णांनी खात्री करून घेतली. श्रीगोंद्याकडच्या ऊसवाल्या माणसाला हे दोन शब्द उलट्या क्रमानेच ऐकायची सवय. थ्री फेज किती वाजता येते यावर त्यांची झोप ठरते.

"आणि काम काय?"

"पाइपलाइन बघतो."

हे त्यांना लगेच कळलं. "किती इंची?"

मी हसलो. सॉफ्टवेअरची पाइपलाइन म्हणजे काय ते फोनवर सांगायचा प्रयत्न केला. एका टोकाला प्रोग्राम लिहिणारे, दुसऱ्या टोकाला वापरणारे, मधे तपासणीचे टप्पे, आणि हे सगळं आपोआप. आण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग व्हॉल्व्ह कुणाच्या हातात असतो?" त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढची चार-पाच वर्षंही नव्हतं. ही पुस्तिका त्या उत्तराच्या मागे लागूनच जमत गेली.

विषय तसा मोजका आहे. लिहिलेला कोड आपोआप तपासून, बांधून, चालत्या सर्व्हरवर नेऊन बसवणारी यंत्रणा म्हणजे रिलीज पाइपलाइन. ती क्लाउडमध्ये चालते, आणि तिला हुकूम देण्यासाठी स्क्रीनवर बटणं दाबत बसण्याऐवजी आपल्याच दुसऱ्या प्रोग्राममधून आज्ञा पाठवता येतात. त्या आज्ञांचा संच म्हणजे तिचा एपीआय. मी उदाहरणादाखल ॲमेझॉनची कोडपाइपलाइन घेतली आहे, कारण माझे हात तिच्यावर जास्त बसले आहेत. अझ्युअर किंवा गूगलवाल्यांनी नाराज होऊ नये. नावं बदलतात, खाचाखोचा बदलतात, प्रश्न तेच राहतात.

मी माणला आलो तेव्हा आमच्या टीममध्ये रिलीज म्हणजे एक एक्सेल शीट होती. एकसष्ट ओळी. ओळ एक: सगळ्यांना मेल करा. ओळ दोन: बॅकअप घ्या. अशा करत करत ओळ एकसष्ट: सगळ्यांना मेल करा. शनिवारी रात्री साडेअकराला कॉल सुरू व्हायचा. एक जण ओळ वाचणार, एक जण सर्व्हरवर करणार, तिसरा "डन" म्हणणार. गावाकडे रात्रीची लाइट असली की लोक बॅटरी घेऊन उसात दारं धरायला जातात. इकडे आम्ही लॅपटॉप घेऊन प्रॉडवर फायली धरायला बसायचो. साप-विंचवाची भीती तेवढी नव्हती. रविवारी सकाळी कंपनीच्या कॅबमधून वाकडकडे परतताना रस्ता रिकामा मिळायचा, हा त्या नोकरीतला एकमेव निर्भेळ आनंद.

एका रिलीजला चार सर्व्हर होते. तिसऱ्यावरची एक कॉन्फिगची फाइल मी बदललीच नाही. सहकाऱ्याने बदलली असं मला वाटलं, मी बदलली असं त्याला वाटलं, आणि "डन" म्हणणारा दोघांवर विसंबून "डन" म्हणाला. नंतर दोन दिवस दर चौथ्या ग्राहकाला जुने दर दिसत राहिले. शोधायला वेळ लागला, कारण आम्ही उघडून पाहायचो तेव्हा नेमके उरलेल्या तिघांपैकी एकावर पोचायचो आणि सगळं ठीक दिसायचं. चूक सापडल्यावर मला कुणी रागावलं नाही. शीटमध्ये तीन ओळी वाढल्या. एकसष्टच्या चौसष्ट झाल्या.

हे मी लाजून लपवलं असतं, पण नंतर नाइट कॅपिटलची हकिगत वाचली आणि आपली चूक किती घराण्यातली आहे ते कळलं. अमेरिकेतली ही शेअर दलाली करणारी मोठी कंपनी. 2012 च्या जुलैअखेरीस त्यांनी आठ सर्व्हरवर नवा कोड टाकायला घेतला. तंत्रज्ञाने हाताने सातवर टाकला, आठवा राहिला. दुसऱ्या कुणी ते पडताळून पाहावं असा नियमच नव्हता. त्या आठव्या सर्व्हरवर कित्येक वर्षं न वापरलेला एक जुना कोड पडून होता, आणि नव्या कोडने नेमकी त्याचीच खूण नव्या कामासाठी उचलली होती. 1 ऑगस्टला सकाळी बाजार उघडला, ती खूण चालू झाली आणि आठवा सर्व्हर वेड्यासारखी खरेदी-विक्री करत सुटला. पंचेचाळीस मिनिटांत चाळीस कोटी डॉलरहून अधिक गेले. कंपनीचं स्वतंत्र अस्तित्व वर्षभरही टिकलं नाही.

अमेरिकेच्या बाजार नियामकाने या प्रकरणाची चौकशी केली. तिच्यात दोन गोष्टी आहेत, त्या मला नुकसानीच्या आकड्याहून जास्त बोचतात. बाजार उघडण्याआधीच यंत्रणेने त्या जुन्या कोडचा उल्लेख असलेले 97 ईमेल आपणहून पाठवले होते. कुणी वाचले नाहीत, कारण ते मेल इशारा म्हणून ठराविक माणसाकडे जावेत आणि त्याने त्यावर काही करावं, अशी व्यवस्थाच नव्हती. दुसरी गोष्ट अशी की गोंधळ सुरू झाल्यावर लोकांनी घाईने नवा कोड सात सर्व्हरवरून काढून टाकला, आणि मग जुना कोड आठही सर्व्हरवर चालू झाला. सगळ्यांना दिसत होतं की पाणी भलतीकडे चाललंय. व्हॉल्व्ह कुठला, तो कोण फिरवणार, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

हे काम आपोआप व्हावं ही कल्पना तशी जुनी. थॉटवर्क्सच्या लोकांनी 2001 च्या सुमाराला क्रूझकंट्रोल काढलं, सन कंपनीत कोहसुके कावागुची यांनी हडसन लिहिलं, त्याचं 2011 साली जेन्किन्स झालं आणि आजही हिंजवडीतल्या निम्म्या टीम त्या बो-टायवाल्या बटलरच्या चित्राशेजारचा लाल-हिरवा गोळा बघत दिवस काढतात. (निम्म्या हा माझा अंदाज, मोजायला मी गेलेलो नाही.) 2010 साली जेझ हंबल आणि डेव्हिड फार्ली यांचं 'कंटिन्युअस डिलिव्हरी' आलं आणि तपासणीपासून बसवणीपर्यंतच्या सगळ्या टप्प्यांना मिळून पाइपलाइन म्हणायची रीत पक्की झाली. ॲमेझॉनने आपल्या घरात वापरायच्या यंत्रणेबद्दल 2014 साली सांगितलं की वर्षभरात तिच्यातून पाच कोटी वेळा कोड बसवला गेला, म्हणजे सेकंदाला एकाहून जास्त वेळा. त्याच अनुभवातून बाहेरच्यांसाठी काढलेली कोडपाइपलाइन 2015 च्या जुलैत खुली झाली.

क्लाउड म्हटलं की नवी पोरं अजूनही वर बघतात. मायक्रोसॉफ्टने 2015 साली भारतात आपली केंद्रं सुरू केली तेव्हा 'सेंट्रल इंडिया' नावाचं जे केंद्र नकाशावर आलं ते पुण्यात आहे. ॲमेझॉनचं मुंबईचं 2016 साली आलं. माणमधल्या टेबलावरून दिलेला हुकूम कधी कधी याच जिल्ह्यातल्या एखाद्या इमारतीत जाऊन पोचतो, आणि त्या इमारतीलाही आपल्यासारखीच वीज लागते आणि थंडावा लागतो. एवढं लक्षात ठेवलं की क्लाउडची निम्मी भीती जाते. उरलेली निम्मी बिल आल्यावर परत येते.

आता एपीआय. या शब्दाला मराठी प्रतिशब्द मी शोधला नाही. त्यापेक्षा 'खिडकी' डोळ्यांपुढे ठेवा. एसटीच्या आरक्षणाची किंवा तहसील कचेरीतली. आत काय चाललंय ते बाहेरून दिसत नाही. ठरलेल्या नमुन्यात अर्ज द्यायचा, एक रकाना रिकामा राहिला तर अर्ज परत. स्वीकारला तर पोचपावती. खिडकीच्या आतला कारकून तुमचा चेहरा बघत नाही, ओळखपत्र बघतो. आणि प्रत्येक खिडकीवर एकच काम होतं. हा शेवटचा मुद्दा पुढे फार कामाला येणार आहे.

पण खिडकीची उपमा एका जागी लंगडी पडते, आणि तिथे मला पुन्हा शेतात जावं लागतं. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी 'नॅनो गणेश' नावाचं उपकरण केलं, ते अनेकांनी गावी पाहिलं असेल. विहिरीवरच्या स्टार्टरला जोडायचं, आणि घरून मोबाइलवरून मोटर चालू-बंद करायची. 2009 साली नोकियाच्या जागतिक स्पर्धेत त्याला बक्षीस मिळालं. बाहेरच्यांना त्यातली चालू करायची सोय मोठी वाटते. शेतकऱ्याला विचारा: त्याला आधी हे कळायला हवं असतं की तिकडे लाइट आहे का, आणि मोटर खरंच चालू झाली का. तेवढं घरबसल्या कळलं की रात्रीचा एक हेलपाटा वाचतो. हुकूम सोडला आणि तिकडे काय झालं ते कळलं नाही, तर आपण आंधळे.

कोडपाइपलाइनच्या एपीआयमध्येही हे दोन्ही आहे, आणि नवशिके पहिल्यालाच भुलतात. 'स्टार्ट-पाइपलाइन-एक्झिक्युशन' ही आज्ञा दिली की पाइपलाइन धावू लागते. एका ओळीचं काम. पहिल्यांदा चालते तेव्हा अंगावर काटा येतो, कबूल. पण मी नव्या मुलांना आधी 'गेट-पाइपलाइन-स्टेट' लिहायला लावतो: कुठल्या टप्प्यावर काय आहे, कुठे अडलंय, कुठला व्हॉल्व्ह बंद, का बंद. ते वाचता येईपर्यंत चालू करायचं बटण हाती देत नाही. मुलं कुरकुरतात.

पाइपलाइन स्वतः काय आहे? एक कागद. जेसॉनमध्ये लिहिलेला मजकूर: नाव, टप्पे, टप्प्यातली कामं, कुठल्या कामातून काय बाहेर पडतं आणि ते पुढच्या कुठल्या कामात शिरतं. निदान दोन टप्पे लागतात, आणि पहिल्यात कोड कुठून घ्यायचा ते. मधल्या टप्प्यांत बांधणी, चाचणी, मंजुरी, शेवटी बसवणी. हा कागद 'गेट-पाइपलाइन'ने मागवता येतो, 'अपडेट-पाइपलाइन'ने बदलून परत देता येतो. प्रत्येक बदलाला आवृत्तीचा आकडा एकाने वाढतो. यातली एक खोच सांगून टाकतो, कारण तिने माझा एक अख्खा मंगळवार खाल्ला आहे. मागवलेल्या कागदाला यंत्रणा स्वतःची थोडी माहिती जोडून पाठवते, 'मेटाडेटा' नावाचा तुकडा. तो न काढता कागद परत दिला तर खिडकी अर्ज फेकते. सातबाऱ्याच्या उताऱ्यावरचा तलाठ्याचा शिक्का तसाच ठेवून तो नवा अर्ज म्हणून दिल्यासारखं ते होतं.

आता व्हॉल्व्ह.

दोन टप्प्यांमधल्या जोडाला कोडपाइपलाइनमध्ये ट्रान्झिशन म्हणतात. तो बंद करता येतो. आज्ञेचं नाव 'डिसेबल-स्टेज-ट्रान्झिशन'. बंद केल्यावर आधीच्या टप्प्याचं काम चालू राहतं, पण माल पुढच्या टप्प्यात शिरत नाही, जोडाशी थांबतो. ज्या टप्प्यात काम आधीच सुरू आहे ते याने थांबत नाही, हे ध्यानात ठेवावं. त्यासाठी 'स्टॉप-पाइपलाइन-एक्झिक्युशन' आहे, आणि तिच्यातही दोन तऱ्हा: चालू काम पुरं होऊ देऊन थांबणं, किंवा आहे तिथे टाकून देणं. दुसरी तऱ्हा वापरायची वेळ आली तर नंतर सर्व्हरवर स्वतः जाऊन बघा, नळी अर्धी भरलेली असेल. व्हॉल्व्ह उघडायची आज्ञा वेगळी: 'एनेबल-स्टेज-ट्रान्झिशन'. बंद करायची खिडकी एक, उघडायची दुसरी. आणि कुणाला कुठल्या खिडकीवर उभं राहू द्यायचं हे प्रत्येकीसाठी स्वतंत्रपणे ठरवता येतं.

हे मला कळलं तेव्हा त्याचं महत्त्व कळलं नव्हतं. ते कळलं चाकणच्या एका मित्रामुळे. तो गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. एका रविवारी वाकडला चहा पिताना मी त्याला विचारलं, "तुमच्याकडे लाइन कोण थांबवू शकतं?" तो म्हणाला, "कुणीही. प्रत्येक स्टेशनला बटण आहे. टोयोटाचं बघून बसवलंय." मग जरा थांबून म्हणाला, "पण दाबत कुणी नाही. दाबलं की दिवा लागतो, भोंगा वाजतो आणि सुपरवायझरपासून सगळे धावत येतात, का दाबलंस म्हणून. लाइन थांबल्याच्या मिनिटांचा हिशोब असतो. कंत्राटी पोरगं कशाला दाबेल? खराब पार्ट पुढे जाऊ देतं. पुढे क्यूसी बघेल."

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या या पट्ट्यात बटण नसलेला कारखाना आता क्वचित सापडेल. बटण दाबल्याबद्दल ज्याला कुणी काही बोलत नाही असा कामगार किती ठिकाणी सापडेल, ते तिथे काम केलेल्यांनीच सांगावं. आमच्या धंद्यात वेगळं नाही. शुक्रवारी संध्याकाळी सहाला नव्या मुलीला लॉगमध्ये काहीतरी विचित्र दिसतं. मॅनेजरने क्लायंटला "टुनाइट" असा शब्द दिलेला असतो. ती गप्प बसते. कारण थांबवायचं म्हणजे मॅनेजरला, त्याच्या मॅनेजरला, मग क्लायंटकडच्या माणसाला समजावणं आलं, आणि थांबवून काहीच निघालं नाही तर तिची शोभा.

म्हणून माझ्या अनुभवातून आलेला, आणि या पुस्तिकेत पुन्हा पुन्हा येणारा आग्रह असा आहे: बंद करायचा हक्क टीममधल्या सगळ्यांना, ट्रेनीलासुद्धा, उघडायचा हक्क मोजक्या दोघा-तिघांना. बहुतेक कंपन्यांत हे नेमकं उलटं असतं किंवा दोन्ही हक्क एकाच ओळीत एकाच माणसाला दिलेले असतात, कारण परवान्यांचा कागद लिहिणाऱ्याने घाईत सगळ्या आज्ञांसाठी एक फुली मारलेली असते. त्या फुलीचा मला मनापासून राग आहे. आण्णांच्या शेतात चार जणांची मिळून पाइपलाइन आहे. तिथे व्हॉल्व्हची पेटी उघडी असते, बंद कुणीही करावा, पाइप फुटला तर वाट बघायची नाही. पण पाळी संपली की व्हॉल्व्हचं चाक काढून ज्याची पुढची पाळी त्याच्या घरी जातं. भांडणं होऊन होऊन, एकदा कोर्टाची पायरी चढून, हे ठरलं आहे. आम्हाला संगणकावर हे एका दुपारी करता येतं, तरी आम्ही करत नाही.

मंजुरीबद्दल थोडं जास्त बोलतो. पाइपलाइनमध्ये असा एक टप्पा ठेवता येतो जिथे माणसाने हो किंवा नाही म्हणेपर्यंत सगळं थांबतं. वेगळी मुदत ठरवली नसेल तर सात दिवस वाट बघितली जाते आणि मग नाही असं धरलं जातं. हो म्हणायची आज्ञा 'पुट-अप्रूव्हल-रिझल्ट'. तिच्याबरोबर एक टोकन द्यावं लागतं, आणि ते टोकन त्याच एका मंजुरीपुरतं असतं. सोमवारच्या मालासाठी मागितलेली मंजुरी बुधवारच्या मालाला लागू पडत नाही. ज्याने कुणी हे योजलं त्याला सरकारी फायलींचा अनुभव असावा, असं मला नेहमी वाटतं. एका जावक क्रमांकावर दुसरं पत्र खपवण्याची कला त्याने पाहिली असणार.

पण एपीआय आहे म्हणजे माणसाच्या ऐवजी स्क्रिप्टही हो म्हणू शकते. आमच्याच एका टीममध्ये हे घडलं. मंजुरी देणारे साहेब दुसऱ्या टाइमझोनमध्ये, त्यांचं उत्तर यायला रात्र जायची. एका हुशार मुलाने स्क्रिप्ट लिहिली: दर पाच मिनिटांनी बघ, मंजुरी अडली असेल तर टोकन घे, हो म्हण, शेऱ्यात "रिव्ह्यूड" लिही. सहा-सात महिने सगळं झकास चाललं. ऑडिटवाले आले, त्यांना प्रत्येक रिलीजवर मंजुरीची नोंद दिसली, ते खूश. मग एका बाईंनी वेळा पाहिल्या. सगळ्या मंजुऱ्या मागणीनंतर पाच मिनिटांच्या आत, दिवाळीच्या पहाटे तीनलासुद्धा. क्लाउडट्रेल नावाच्या नोंदवहीत प्रत्येक हुकूम कुणाच्या ओळखपत्रावर, कुठल्या पत्त्यावरून आला ते लिहिलेलं असतं. ती उघडल्यावर दहा मिनिटांत सगळं बाहेर आलं. त्या मुलाला बोलणी बसली. माझ्या मते थोडी चुकीच्या माणसाला बसली. जिथे मंजुरी देणारा माल बघतच नाही तिथे ती स्क्रिप्टने दिली काय आणि साहेबांनी दिली काय. निदान स्क्रिप्ट वेळेवर द्यायची.

याच्या उलट टोकाचं उदाहरण सगळ्यांना आठवत असेल. 19 जुलै 2024, शुक्रवार. आपल्याकडे सकाळचे साधारण पावणेदहा वाजले होते. क्राउडस्ट्राइक या सुरक्षेच्या कंपनीने एक छोटी माहितीची फाइल जगभरच्या विंडोज संगणकांवर सोडली, आणि सुमारे 85 लाख यंत्रं निळी पडली. विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटावे लागले. चूक कळून फाइल मागे घेईपर्यंत 78 मिनिटं गेली. तेवढ्यात जे व्हायचं ते झालं होतं. त्यांच्याकडे पाइपलाइन नव्हती असं नाही. मूळ सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती टप्प्याटप्प्याने घ्यायची सोय ग्राहकांना होती. पण या छोट्या फायली वेगळ्या वाटेने, सगळीकडे एकदम जायच्या. त्यांची आपोआप तपासणी होती, आणि तपासणाऱ्या प्रोग्राममध्येच दोष होता. मुख्य नळीला चार व्हॉल्व्ह आणि शेजारून गेलेली पाऊण इंची नळी मोकळी. आपापल्या टीममध्ये अशी पाऊण इंची नळी कुठे आहे ते शोधा. कॉन्फिग, दरपत्रक, फीचर चालू-बंद करायच्या खुणा, यांतच सापडेल.

पाण्याची उपमा कुठे सुटते तेही सांगितलं पाहिजे, नाहीतर वाचक तिच्यातच अडकेल. कालव्यावर मागून आलेला शेतकरी पुढच्याच्या आधी पाणी घेऊ शकत नाही. निदान दिवसाउजेडी नाही. कोडपाइपलाइनची मूळ चाल मात्र अशी की बंद व्हॉल्व्हपाशी एक माल थांबला असेल आणि मागून नवा आला, तर नवा त्याची जागा घेतो आणि जुना कायमचा बाद होतो. पहिल्यांदा हे अन्यायाचं वाटतं. पण नव्या कोडच्या पोटात जुन्याचे बदल असतातच, त्यामुळे जुन्याला वेगळं नेण्यात अर्थ नसतो. ज्यांना प्रत्येक माल क्रमाने गेलाच पाहिजे असतो, त्यांच्यासाठी रांगेची पद्धत 2024 साली आली. कुठली कधी, यावर सहावं प्रकरण आहे. ते लिहिताना माझे आणि माझ्या सहकाऱ्यांचे दोन वेळा वाद झाले, आणि तो भाग अजूनही माझ्या मनासारखा उतरलेला नाही.

परत फिरण्याचंही तसंच. एखादा टप्पा आधीच्या चांगल्या मालावर परत न्यायची आज्ञा आता आहे. ती कोड परत नेते. नव्या कोडने दरम्यान डेटाबेसमध्ये जे लिहिलं ते परत जात नाही. उसाला दिलेलं पाणी विहिरीत येत नाही, इथे उपमा पुन्हा जुळते. नाइट कॅपिटलच्या लोकांनी घाईत परत फिरूनच आग वाढवली होती, म्हणून या पुस्तिकेत परत फिरण्याचं प्रकरण थांबण्याच्या प्रकरणानंतर ठेवलं आहे. आधी थांबा, बघा, मग ठरवा.

भाषेबद्दल दोन शब्द. हे मराठीत कशाला, इंग्रजीत ढीगभर आहे, असं मला तिघांनी विचारलं, आणि तिघांनीही मराठीतच विचारलं. माणच्या कॅन्टीनमध्ये प्रॉड पडल्यावर जी भाषा ऐकू येते ती मराठी आणि हिंदीच असते, तीत इंग्रजी नामं पेरलेली. मी तशीच लिहिली आहे. पाइपलाइन, स्टेज, टोकन, रोलबॅक हे शब्द तसेच ठेवले. 'टप्पा' आणि 'स्टेज' दोन्ही येतात, कारण बोलताना दोन्ही येतात. लातूर-सांगलीकडून डिप्लोमा करून आलेली मुलं हुशार असतात; त्यांना आज्ञा पाठ असतात, पण मीटिंगमध्ये "हे थांबवूया" असं इंग्रजीत म्हणायला त्यांची जीभ रेटत नाही, आणि तेवढ्यात माल पुढे गेलेला असतो. ही पुस्तिका आधी त्यांच्यासाठी आहे.

पहिल्या प्रकरणात आपण काहीही कुठेही बसवणार नाही. दोन टप्प्यांची एक छोटी पाइपलाइन करायची, तिची स्थिती वाचायची, मग मधला व्हॉल्व्ह बंद करून पुन्हा स्थिती वाचायची. काम झालं की ती पुसून टाका, महिनाअखेरीस बिलात भेटायला नको. व्हॉल्व्ह बंद करताना यंत्रणा कारण विचारते आणि ते दिल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. तीनशे अक्षरांची मर्यादा आहे. देवनागरी चालत नाही, स्वल्पविरामही चालत नाही. रोमन अक्षरांत मराठी लिहा, आम्ही तेच करतो. आमच्या टीममधल्या एका ट्रेनीने पहिल्यांदा व्हॉल्व्ह बंद केला तेव्हा "thamba jara" एवढंच लिहिलं. चाळीस मिनिटं सगळे थांबले होते.